किल्ली हाती दिल्यानंतर

दरवर्षी पदवी परीक्षेचे निकाल लागले, की महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात एक ठराविक प्रश्न घेऊन विद्यार्थी येतात : “सर, पुढे काय करू?” या प्रश्नाची उत्तरेही आता ठराविक झाली आहेत. बँकांच्या परीक्षा, लोकसेवा आयोगाच्या परीक्षा, बी.एड. आणि यांपैकी काहीच साधले नाही, तर न्हावा-शेव्याच्या बंदरामुळे पनवेलच्या आसमंतात वाढलेल्या गोदामांतील कारकुनी. गेल्या वर्षी मात्र अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने निराळाच प्रश्न विचारला. “सर, गरिबांसाठी बांधलेल्या वसाहती चालवण्याचे काम शिकवणारा एखादा अभ्यासक्रम आहे का? आणि तो केला, तर नोकरी कुठे मिळते?” वीस वर्षे अर्थशास्त्र शिकवूनही या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही.

तिच्या प्रश्नामागे घरचा अनुभव होता. वडील मालवाहू टेम्पो चालवतात, आई चार घरी पोळ्या करते. तालुक्यातील एका सार्वजनिक योजनेत या कुटुंबाला सोडतीत अकराव्या मजल्यावर घर लागले. पेढे वाटले गेले, वास्तुशांत झाली. कर्जाचा हप्ता ओढाताणीने का होईना, पण भरला जात होता. परंतु दोन वर्षे सोसायटीची नोंदणी झाली नाही आणि देखभालीचे पैसे कोणी मागितले नाहीत. मग एके दिवशी मागची सगळी थकबाकी एकदम पुढ्यात आली. कोणी भरली, कोणी भरली नाही. लिफ्ट महिनाच्या महिना बंद राहू लागली. सत्तरीची आजी खाली उतरेनाशी झाली. आईची जुन्या वस्तीतली कामे लांबच्या प्रवासामुळे सुटली. तिसऱ्या वर्षी त्या कुटुंबाने घर भाड्याने दिले आणि ते जुन्या पनवेलमधील एका खोलीच्या चाळीत परतले. “घर आमच्या नावावर आहे सर, पण आम्ही घरात नाही,” असे ती म्हणाली. योजनेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. अशी कुटुंबे एका योजनेपुरती मर्यादित नाहीत, हे या भागात राहणारा कोणीही सांगेल.

या एका वाक्यात आपल्या गृहनिर्माण धोरणातील मोठी उणीव सामावलेली आहे. घर बांधणे आणि घर वसवणे ही दोन भिन्न कामे आहेत. पहिल्यासाठी आपल्याकडे वास्तुरचनाकार, अभियंते, कंत्राटदार आणि वित्तसंस्था आहेत. वाटपासाठी संगणकीय सोडत आहे. मात्र किल्ली हाती दिल्यानंतरची पहिली पाच-दहा वर्षे ती वसाहत नांदती ठेवण्याचे काम कोणाचे, याचे उत्तर आपण दिलेले नाही. ते काम म्हणजे एक स्वतंत्र व्यवसाय आहे, त्याला शिक्षण लागते, वेतनश्रेणी लागते आणि प्रतिष्ठाही लागते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

पनवेलचा पन्नास वर्षांचा अनुभव

या प्रश्नाची चर्चा पनवेलमधून व्हावी, हे स्वाभाविक आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि तत्कालीन ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी अधिसूचित झाली. त्या संपादनाची किंमत येथील शेतकऱ्यांनी मोजली. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारात आंदोलकांचे बळी गेले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व मान्य झाले. म्हणून या जमिनीवर उभे राहणारे प्रत्येक घर कसे वापरले जाते, हा केवळ हिशेबाचा विषय उरत नाही. ज्या सार्वजनिक हिताच्या नावाने जमीन घेतली, ते हित प्रत्यक्षात उतरले काय, असा हा प्रश्न आहे.

ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प आला. त्याची कल्पना साधी होती. शासनाने लहान भूखंड आखावे, पाणी, मलनिःसारण आणि रस्ते द्यावे. कुटुंबाने ऐपतीप्रमाणे आज एक खोली, चार वर्षांनी दुसरी अशी भर घालावी. मुंबईत चारकोप, गोराई येथे आणि नव्या मुंबईत ऐरोली, कोपरखैरणे, कळंबोली, नवीन पनवेल अशा ठिकाणी हे भूखंड पडले. त्या पद्धतीतही दोष होते. किंमत वाढताच पुष्कळ भूखंड मूळ लाभार्थींच्या हातून गेले. तथापि, बैठ्या घराचा एक गुण असा, की त्याची देखभाल घरमालकाच्या आवाक्यात असते. कौल फुटला तर माणूस शिडी लावून वर चढतो. चौदा मजली इमारतीतील पंप बिघडला, तर एकट्या कुटुंबाला काहीही करता येत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत आपण जवळजवळ पूर्णपणे उंच इमारतींकडे वळलो. २०१५ च्या जूनमध्ये प्रधानमंत्री आवास योजना सुरू झाली. दुर्बल घटकांच्या घरासाठी ३० चौरस मीटर चटई क्षेत्राचे मान ठरले आणि भागीदारीतील प्रकल्पांत केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख असे अडीच लाखांचे अनुदान मिळू लागले. सिडकोने तळोजे, खारघर, कळंबोली, बामणडोंगरी, खारकोपर अशा ठिकाणी हजारोंच्या संख्येने घरे उभारली. २०२४ साली जाहीर झालेली एकच योजना सुमारे २६ हजार घरांची होती. संख्येच्या दृष्टीने हे काम लहान नाही, आणि त्याबद्दल सिडकोला श्रेय दिलेच पाहिजे.

पण संख्येच्या पलीकडचा हिशेब मांडून पाहू. २०२५ च्या जानेवारीत सिडकोने ज्या किमती जाहीर केल्या, त्यांत तळोज्यातील दुर्बल घटकांसाठीचे घर सुमारे २५ लाखांपासून पुढे होते. समजा, एखाद्या कुटुंबाने २० लाखांचे कर्ज वीस वर्षांच्या मुदतीने, साडेआठ टक्के व्याजाने घेतले. मासिक हप्ता येतो सुमारे १७,३५० रुपये. प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकाची मूळ उत्पन्न-मर्यादा वर्षाला ३ लाख, म्हणजे महिन्याला २५ हजार रुपये होती. या कुटुंबाचे दोन तृतीयांशांहून अधिक उत्पन्न हप्त्यातच जाईल. मुंबई महानगर प्रदेशापुरती ही मर्यादा पुढे ६ लाखांपर्यंत वाढवण्यात आली. दुर्बलांना घर परवडेना म्हणून दुर्बलतेची व्याख्या सैल करावी लागली, असाच याचा अर्थ होतो.

यात देखभाल खर्च अजून आलेलाच नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का रक्कम दरवर्षी दुरुस्ती निधीत आणि पाव टक्का सिंकिंग फंडात टाकावी लागते. बांधकाम खर्च १२ लाख धरला, तर एक टक्का म्हणजे वर्षाला १२ हजार, महिन्याला १ हजार रुपये झाले. लिफ्ट, पंप, जिन्यातील दिवे, पाणी, झाडलोट, पहारेकरी आणि मालमत्ता कर हे सारे त्याखेरीज. चाळीत पाचशे-सातशे रुपयांच्या किरकोळ खर्चात भागवणाऱ्या कुटुंबाला हा आकडा आधी कोणी समजावून सांगितलेला नसतो. सोडतीच्या जाहिरातीत घराची किंमत ठळक असते. घरात राहण्याची किंमत त्यात नसते.

कोनची घरे आणि वरळीचा तुरुंग

किल्लीपूर्वी आणि किल्लीनंतर जबाबदार माणूस नसला, म्हणजे काय होते, याचे उदाहरण पनवेलच्या वेशीवरच आहे. २००८ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने भाडेतत्त्वावरील घरांची योजना आणली. विकासकाला जादा बांधकामाची मुभा द्यावी आणि बदल्यात १६० चौरस फुटांची भाड्याची घरे मिळवावी, असा तो व्यवहार होता. पुढे भाड्याची कल्पना मागे पडली. अशा घरांपैकी कोन गावची सुमारे २,४०० घरे, दोन-दोन खोल्या एकत्र करून, गिरणी कामगारांना व त्यांच्या वारसांना देण्याचे ठरले. २०१६ च्या डिसेंबरमध्ये सोडत निघाली. किंमत ६ लाख रुपये. १९८२ च्या संपाने ज्यांचे आयुष्य उसवले, त्या कामगारांना, आणि अनेक ठिकाणी त्यांच्या विधवांना, अखेर मुंबईबाहेर का होईना, छप्पर मिळणार होते.

प्रत्यक्षात किल्ल्या हाती पडायला सहा-सात वर्षे उलटली. दरम्यान कोविडच्या साथीत या इमारती विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या. आणीबाणीची ती गरज होती, त्याबद्दल तक्रार करता येणार नाही. पण साथ ओसरल्यावर घरे नादुरुस्त अवस्थेत आढळली आणि दुरुस्तीचा खर्च कोणत्या संस्थेने करायचा, यावर दोन सार्वजनिक संस्थांमध्ये घोळ चालू राहिला. ताबा मिळाल्यावर गळतीच्या आणि देखभाल शुल्काच्या तक्रारी सुरू झाल्या. बांधणारी संस्था एक, वापरणारी दुसरी, वाटप करणारी तिसरी आणि राहणारा चौथा! या चौघांना एकत्र बसवणारा, वर्षानुवर्षे त्याच वसाहतीत पाय रोवून असणारा माणूस त्या साखळीत नव्हता.

हा प्रकार नवा नाही. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे त्याने बांधलेल्या २०७ चाळी बीडीडी चाळी म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. त्यांतील खोलीही १६० चौरस फुटांचीच. बांधकाम भक्कम होते, पण कोंदट सिमेंटच्या त्या खोल्यांत कामगार जाईनात. गिरणी लांब, बाजार लांब आणि भाडे जड. वरळीतील पुष्कळ चाळी वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या आणि १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने तेथे चक्क तात्पुरता तुरुंग थाटला. कामगारांसाठी बांधलेली घरे १९३० साली तुरुंग झाली आणि नव्वद वर्षांनी कोनची घरे विलगीकरण केंद्र झाली. दोन्ही वेळी खोलीचे माप तेच होते, आणि रिकाम्या घरांचे पालकत्व कोणाकडे, हा प्रश्नही तोच होता.

एक व्यवसाय कसा जन्मला

इतरत्र या प्रश्नाची उकल कशी झाली? १८६५ साली लंडनच्या मॅरिलबोन भागात ऑक्टेव्हिया हिल या तरुणीने जॉन रस्किन यांच्या पैशातून काही मोडकळीस आलेली घरे चालवायला घेतली. रस्किन यांची अट अशी होती, की भांडवलावर पाच टक्के परतावा मिळाला पाहिजे. हिलबाईंनी दर आठवड्याला स्वतः दारोदार जाऊन भाडे गोळा केले. भाडे चुकवण्याची सवलत नव्हती. परंतु भाडे घ्यायला गेलेली बाई घरातील आजारपण पाही, बेकारी पाही, गळके छप्पर पाही, आणि दुरुस्तीचा क्रम त्यावरून ठरवी. परतावा मिळाला आणि घरेही सुधारली. तिने हाताखाली अनेक स्त्रिया तयार केल्या. १९१६ साली त्यांची व्यावसायिक संघटना स्थापन झाली आणि आज ब्रिटनमध्ये गृह-व्यवस्थापकांची जी सनदी संस्था आहे, तिच्या पूर्वजांत या संघटनेची गणना होते. हिलबाईंच्या पद्धतीत गरिबाला शिस्त लावण्याचा वरिष्ठपणाचा सूर होता, ही टीका रास्त आहे. तरीही घराची आणि कुटुंबाची चौकशी एकाच व्यक्तीने करावी, हा त्यांचा धडा टिकाऊ ठरला.

इतके लांब जाण्याचीही आवश्यकता नाही. मुंबईत २००० सालाच्या सुमारास नागरी वाहतूक प्रकल्पासाठी रेल्वेरुळांलगतच्या झोपड्या हलवण्यात आल्या. दहा हजारांहून अधिक कुटुंबांचे ते स्थलांतर होते. ‘स्पार्क’ ही संस्था, झोपडीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ आणि ‘महिला मिलन’ यांच्या कार्यकर्त्यांनी, त्यांतही वस्तीतल्याच बायकांनी, घरोघरी मोजणी केली, बचतगट बांधले आणि कोण कोणाच्या शेजारी राहणार हे हलण्यापूर्वीच ठरवले. एवढे स्थलांतर त्या मानाने शांतपणे पार पडले, याचे श्रेय या पूर्वतयारीला होते. पुढची कहाणी मात्र वेगळी आहे. वाशी नाका, मानखुर्दची लल्लूभाई कंपाउंड अशा वसाहतींत कचरा, बंद लिफ्ट, तुंबलेली गटारे यांचे राज्य सुरू झाले. स्थलांतराचा प्रकल्प संपला, त्यासाठीचा पैसा संपला आणि कार्यकर्ते पुढच्या कामाला लागले. चांगली माणसे मिळूनही ती टिकून राहण्याची व्यवस्था नव्हती, एवढाच याचा बोध.

‘मिळकत’ आणि माणसे

“हे काम करणारी पदे सरकारात आहेतच की,” असे कोणी म्हणेल. आहेत. म्हाडामध्ये ‘मिळकत व्यवस्थापक’ हे पद पूर्वापार आहे. पण पदाच्या नावावरूनच त्याचे स्वरूप उघड होते. सांभाळायची आहे ती मिळकत. पात्रता तपासणे, ताबापत्र देणे, अनधिकृत रहिवासी शोधणे, थकबाकीची नोटीस काढणे ही त्याची कामे. ती आवश्यकच आहेत. परंतु कचेरीत बसून हजारो घरांचे कागद हाताळणारा आणि बदलीच्या प्रतीक्षेत असणारा अधिकारी वसाहत वसवू शकत नाही. त्याच्याकडून तशी अपेक्षा करणे, हा त्याच्यावरही अन्यायच आहे.

“मग सोसायटी कशासाठी असते?” हा दुसरा प्रश्न. महाराष्ट्राला सहकाराची थोर परंपरा आहे आणि १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने रहिवाशांच्या हाती मोठा अधिकार दिला आहे. परंतु मध्यमवर्गीय सोसायटी कशी चालते, ते आपण आठवावे. सचिव म्हणून निवृत्त मामलेदार असतो, खजिनदार म्हणून बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ असतो. त्यांना वेळ असतो आणि कागद कळतो. दुर्बल घटकांच्या इमारतीत सचिव सकाळी सहाला रिक्षा घेऊन निघतो आणि खजिनदार बाई तीन घरची धुणीभांडी आटोपून रात्री आठला परतते. त्यांची बुद्धी किंवा सचोटी तसूभरही कमी नसते. वेळ मात्र नसतो. जे काम सधन वर्गाला निवृत्तांच्या फुकट श्रमांतून मिळते, ते गरिबांना पगारी माणसाकडूनच मिळू शकते.

या पगारी माणसाचे काम कोणते, हेही स्पष्ट केले पाहिजे. सोडतीनंतर आणि ताब्यापूर्वी तो कुटुंबासमोर बसून हप्ता, कर आणि देखभाल यांचा संपूर्ण हिशेब मांडील. ज्याला ते झेपणार नाही, त्याला तसे स्पष्ट सांगेल. ताब्यानंतर ठरावीक मुदतीत सोसायटीची नोंदणी, बँक खाते आणि पहिली सर्वसाधारण सभा पार पाडील. शिधापत्रिकेचा पत्ता बदलणे, मुलांचे शाळाप्रवेश, बसची फेरी यांचा पाठपुरावा करील. लिफ्टचा करार कधी संपतो आणि पाण्याची टाकी कधी धुतली, याची वही ठेवील. आणि सर्वांत कठीण म्हणजे थकबाकीदारांत दोन प्रकार ओळखील : ज्याला भरता येत नाही तो, आणि जो भरत नाही तो. पहिल्याला हप्ते पाडून द्यावे लागतात, दुसऱ्याला नोटीस द्यावी लागते. सरसकट नोटीस काढणारी कचेरी पहिल्याला बुडवते आणि सरसकट माफी देणारा पुढारी दुसऱ्याला सोकावतो. माझ्या विद्यार्थिनीच्या इमारतीत पहिल्या महिन्यापासून थोडी-थोडी रक्कम मागणारे कोणी असते, तर ती आजी कदाचित आज अकराव्या मजल्यावरच्या खिडकीत बसलेली असती.

खर्चाचा प्रश्न

अर्थशास्त्राच्या शिक्षकाने पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. पाचशे कुटुंबांमागे एक व्यवस्थापक आणि दोन साहाय्यक धरू. व्यवस्थापकाला ४० हजार आणि साहाय्यकांना प्रत्येकी १६ हजार दिले, तर महिन्याचा खर्च ७२ हजार रुपये होतो, म्हणजे कुटुंबामागे १४४ रुपये. हेही कुटुंबावर लादू नये, असे वाटत असेल, तर दुसरा मार्ग आहे. २५ लाखांच्या घरामागे प्रकल्पखर्चातून एक टक्का, म्हणजे २५ हजार रुपये बाजूला ठेवावे. पाचशे घरांचे सव्वा कोटी होतात. सात टक्के व्याजाने वर्षाला पावणेनऊ लाख, महिन्याला सुमारे ७३ हजार रुपये मिळतात. महागाईबरोबर वेतन वाढेल आणि व्याज वाढणार नाही, ही यातील मर्यादा आहे. परंतु वसाहत स्थिरावण्याच्या पहिल्या काही वर्षांपुरती ती सांभाळता येण्याजोगी आहे. ही कल्पना अगदी अपूर्व आहे असेही नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत विकासकाने प्रत्येक घरामागे २० हजार रुपयांची ठेव देखभालीसाठी ठेवण्याची तरतूद फार पूर्वीच झाली होती. त्या ठेवीबरोबर माणूस नेमण्याचे तेवढे राहून गेले.

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे. असा व्यवस्थापक म्हणजे वसाहतीतला नवा दादा ठरणार नाही काय? ही भीती निराधार नाही. म्हणून त्याची नेमणूक संस्थेने करावी, पण वर्षाअखेरचे मूल्यमापन रहिवाशांच्या सर्वसाधारण सभेने करावे. हिशेब दरमहा जिन्याखालच्या फलकावर लागावा. तीन वर्षांनंतर सभेने नको म्हटले, तर त्याला जावे लागावे.

आणि हेही मान्य केले पाहिजे, की कितीही कुशल व्यवस्थापक घराची किंमत कमी करू शकणार नाही. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला, २०२५ च्या ऑक्टोबरात नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि पनवेलच्या जमिनीचे भाव कोठे चालले आहेत हे सर्वांना दिसते आहे. विमानतळावर सामान उचलणारा, सफाई करणारा, टॅक्सी चालवणारा माणूस राहणार कोठे, हा जमीनधोरणाचा प्रश्न आहे आणि तो सरकारनेच सोडवला पाहिजे. व्यवस्थापक एवढेच करील, की मिळालेले घर हातातून निसटू देणार नाही. शिवाय कोणते कुटुंब का थकले, का परतले, याची वर्षानुवर्षांची नोंद त्याच्या वहीत राहील. पुढची योजना आखणाऱ्यांना आज ही माहिती उपलब्धच नसते.

शिक्षणसंस्थांनी काय करावे

पायाभूत साधने आपल्याकडे आहेत. सहकार खात्यातर्फे सहकार व लेखा पदविकेच्या परीक्षेबरोबर गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापनाची प्रमाणपत्र परीक्षाही घेतली जाते. मुंबईतील अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेने कित्येक दशके नगरपालिकांना स्वच्छता निरीक्षक पुरवले. पूर्वी स्वच्छता निरीक्षक हा काही स्वतंत्र पेशा नव्हता. अभ्यासक्रम निघाला, नगरपालिकांनी पदे निर्माण केली आणि तो पेशा झाला. येथेही तसेच घडू शकते. पनवेल परिसरातील महाविद्यालयांनी विद्यापीठाच्या मान्यतेने एक वर्षाची पदव्युत्तर पदविका सुरू करावी. सहा महिने सहकार कायदा, हिशेब, इमारत-दुरुस्तीचे प्राथमिक ज्ञान आणि कुटुंबाच्या अंदाजपत्रकाचा अभ्यास. उरलेले सहा महिने प्रत्यक्ष वसाहतीत. आणि सिडको, म्हाडा व पनवेल महानगरपालिका यांनी पहिल्या टप्प्यात निदान दहा वसाहतींसाठी अशी पदे मंजूर करावीत. पदे नसतील, तर पदविका म्हणजे भिंतीवर टांगायचा आणखी एक कागद ठरेल.

तरुणांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे काम सोपे नाही. लोक घरी सापडतात ते रात्री आणि रविवारी, तेव्हा कामाच्या वेळा त्याच. पाणी गेले की पहिली शिवी व्यवस्थापकाला बसेल. बांधलेल्या पुलावर अभियंत्याचे नाव लागते. न सुटलेल्या घरावर कोणाचेच नाव लागत नाही. तरीही समाजशास्त्र, अर्थशास्त्र, वाणिज्य शिकून पदवीच्या भेंडोळ्या हातात घेऊन हिंडणाऱ्या आमच्या मुलामुलींना आपल्याच तालुक्यात, आपल्याच माणसांत करता येण्याजोगे याहून उपयुक्त काम मला तरी दिसत नाही.

ती विद्यार्थिनी सध्या सहकार खात्याच्या प्रमाणपत्र परीक्षेचा अभ्यास करीत आहे आणि संध्याकाळी दोन सोसायट्यांचे हिशेब लिहिते. त्यातून तिला महिन्याला काही हजार रुपये मिळतात. ज्या इमारतीत तिचे घर आहे, तेथे हिशेब लिहिणारे अजून कोणी नाही. परवा ती भेटली, तेव्हा पुन्हा तोच प्रश्न होता : “सर, जागा निघतील का हो?” तिने तो मला विचारला, कारण तिच्या ओळखीचा दुसरा कोणी नव्हता. वस्तुतः त्याचे उत्तर द्यायचे आहे ते हजारो घरांच्या किल्ल्या समारंभपूर्वक वाटणाऱ्यांनी. पुढच्या किल्लीवाटपाच्या समारंभात व्यासपीठावर एक खुर्ची त्या वसाहतीच्या व्यवस्थापकासाठी मांडली गेली, तर ते उत्तर मिळाले असे समजता येईल.